घट्ट झाकणाचा डबा

माझे बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर होते. मी वाचा-उपचाराचं शिक्षण घेऊन भिलाईतल्याच एका दवाखान्यात नोकरीला लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हणजे पोट्ट्याइले बोलाले शिकवाचा पगार भेटते का वं तुले?”

मी हो म्हटलं.

“आन् चूप बसवाचा?”

तो कोणी देत नाही म्हटल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. आम्ही पाच भावंडं होतो आणि बाबांची बहुतेक वेळा रात्रपाळी असायची, म्हणजे झोप दिवसा.

माझ्या धंद्याची हत्यारं पाहून लोकांची निराशाच व्हायची. दवाखाना म्हटलं की माणसाला मशीन पाहिजे, निदान पांढरा कोट तरी. माझ्याकडे साबणाचे फुगे, एक खुळखुळा आणि कॅंप-१ या जुन्या वस्तीच्या बाजारातून आणलेला स्टीलचा डबा. त्या डब्याचं झाकण इतकं घट्ट होतं की भांडेवाल्यालाही तो विकायची लाज वाटत होती. मी म्हटलं, हाच पाहिजे. डब्यात लाडू टाकायचा, खडखड वाजवून दाखवायचा, मुलाच्या हातात द्यायचा आणि आपण मांडीवर हात ठेवून छताकडे पाहत बसायचं. मूल झाकण ओढतं, चावतं, आपटतं. शेवटी डबा घेऊन तुमच्याकडे येतं. तो क्षण आमचा. तिथून पुढे “दे”, “उघड”, “लाडू” हे सगळं ओळीने यायला लागतं.

ऐकायला सोपं आहे, पण मांडीवर हात ठेवून बसणं हे भल्याभल्यांना जमत नाही. कारखान्याच्या कॉलनीतल्या एका सेक्टरमधला अडीच वर्षांचा राजा माझ्याकडे यायचा. घरात आजी, आई आणि आत्या. राजाने भुवई उचलली की तीन दिशांनी तीन पाण्याचे पेले यायचे. आजी मला म्हणाली, “आमच्या घरचे सगळे कसे टकाटक बोलतेत, मंग हाच कावून बोलत नाही?” म्हटलं, आजी, त्याला बोलायला जागा कुठे ठेवली तुम्ही? अति तिथे माती. मग मी आजींना स्वतःच्या हातांवर बसवलं, अगदी खरोखर, तळवे मांडीखाली घालून. राजाने डबा आपटला, मला दिला, मी छताकडे. आत्याला दिला, आत्या छताकडे. शेवटी आजीसमोर उभा राहून ओरडला, “आजी, दे!” आजींनी रडत रडत चार लाडू दिले आणि माझी सगळी शिस्त धुळीला मिळवली. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. आमचा अर्धा अभ्यासक्रम या म्हणीत आहे.

उरलेला अर्धा मला मैनाने शिकवला.

दर आठवड्याला एक दुपार मी कॅंप-१ मधल्या एका लहानशा बालगृहात जायची. तिथे वेणूमावशी होत्या. तुमसरकडच्या. नवरा कारखान्यातून रिटायर होऊन लगेच गेला, मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा घरात बसून काय करू म्हणून इथे गृहमाता झाल्या. स्वयंपाकही त्याच करायच्या आणि मुलींच्या उवाही त्याच काढायच्या. एका उन्हाळ्यात त्यांच्या स्वाधीन एक पोरगी झाली. चरोद्याच्या पुढे, रेल्वे यार्डाच्या पलीकडे एक एकटं पडकं घर होतं. आई नसलेली ही पोर तिथे बापाकडे असायची. बाप दारू पिऊन ट्रकवर जायचा, बाहेरून कडी लावून. घराच्या मागच्या भिंतीला एक अरुंद भगदाड होतं, त्यातून एक कुत्री ये-जा करायची. लोकांना वाटायचं, या घरात कुत्रीच राहते. वर्षानुवर्षं पोरीजवळ झोपली ती ही कुत्री. तिच्याशी खेळली ती ही कुत्री, आणि बाहेरून भाकरीचा तुकडा आणला तर तोही हिनेच. एकदा बाप परतलाच नाही. लाइनवर काम करणाऱ्या माणसांनी आवाज ऐकून कडी काढली, तेव्हा पाच-सहा वर्षांची पोर चार पायांवर त्यांच्या अंगावर धावून आली.

पेपरवाले आलेच. “कुत्तोंवाली लड़की” असा मथळा. एकाने मला विचारलं, “मॅडम, ये सच में भौंकती है?” माझं डोकं फिरलं. म्हटलं, बाबा रे, घरात जी भाषा बोलली जाते तीच लेकरू शिकतं. तुझ्या घरी हिंदी बोलली म्हणून तू हिंदी बोलतोस. हिच्या घरी एकटी कुत्रीच बोलायची. त्याने ते छापलं नाही.

कुत्रीचं नाव राणी, हे त्या लाइनमननी सांगितलं. पोरीचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. वेणूमावशी म्हणाल्या, “बोलणाऱ्या पाखराचं नाव ठेवू, मैना. देवाले आठवण तं राहील, काय बाकी हाय ते.” मैना पहिले दोन दिवस काही खाईना. तेव्हा मावशींनी सगळे नियम गुंडाळून ठेवले आणि राणीलाच रिक्षात घालून आणवलं. राणी फाटकाशी बसली, मैना तिच्याशेजारी बसून जेवली. पुढे म्हातारी होईपर्यंत राणी त्या फाटकाची पहारेकरीण होती, आणि पेपरवाल्यांवर तिचा विशेष राग होता. तो घालवायचा प्रयत्न मी कधी केला नाही.

आता माझा डबा. मी मोठ्या तोऱ्यात तो मैनाच्या हातात दिला आणि छताकडे पाहत बसले. मैनाने झाकण ओढलं, दातांनी चावलं, भिंतीवर आपटलं. मग डबा छातीशी धरून खाटेखाली गेली आणि तिथेच राहिली. आली नाही. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही.

मला समजायला वेळ लागला. राजाला मागता येत होतं, फक्त गरज पडत नव्हती. मैनाला भूक माहीत होती, डबा माहीत होता, लाडूही माहीत होता. माणसाकडे मागायचं असतं, हेच माहीत नव्हतं. तान्हं मूल “अं” करतं, आई म्हणते “काय गं सोने?” मूल पुन्हा “अं” करतं. बोलणं तिथून सुरू होतं, शब्दांच्या कितीतरी आधी. ज्या लेकराच्या “अं”ला वर्षानुवर्षं कोणी “काय गं” म्हटलंच नाही, ते “अं” करणं सोडून देतं. रडणंसुद्धा सोडतं. मैना पडली, गुडघा फुटला, तरी रडायची नाही. रडायचं कोणासाठी?

वेणूमावशींनी मला वेगळ्या शब्दांत झापलं. “ताई, ज्या पोरीनं उपाशी दिवस काढले, तिले मांगाले लावता जी तुमी? पाप लागते. पयले तिले समजू द्या का जेवण रोज येते.” मी डबा पिशवीत टाकला. मावशी ठरल्या वेळी ताट वाढायच्या, एकही दिवस चुकल्या नाहीत. उशीखाली लपवलेल्या पोळ्यांना हात लावायच्या नाहीत, फक्त शिळी काढून ताजी ठेवायच्या. पावसाळा गेला तोवर मैना दोन पायांवर चालत होती, मावशींचा पदर धरून झोपत होती, आणि बोलत मात्र एक अक्षर नव्हती.

समितीच्या मॅडम मधूनमधून यायच्या. अशा मुलांनी कुठे राहायचं हे त्यांची समिती ठरवायची. बाई चांगल्या होत्या, पण घाईत असायच्या. त्या मला म्हणाल्या, “दिवाली के बाद फैसला करना पड़ेगा. अगर सीख ही नहीं सकती, तो यहाँ रखने का मतलब नहीं.” सीख नहीं सकती म्हणजे दूरच्या शहरातली मोठी संस्था, जिथे न शिकू शकणारी मुलं जन्मभर ठेवतात. तिथे ना मावशी, ना पदर, ना फाटकाशी राणी. ही पोर शिकू शकते हे मला दिवाळीच्या आत दाखवायचं होतं, आणि माझ्या पिशवीत होता एक हरलेला डबा.

तेवढ्यात भुलाबाई बसल्या. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्ती मांडतात, रोज संध्याकाळी गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत वाटतात. पण खिरापत अशी मिळत नाही. डबा पदराखाली झाकून वाजवायचा आणि सगळ्यांनी ओळखायचं, आत काय आहे. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. बालगृहात तेलुगू मुली होत्या, उडिया होत्या, छत्तीसगढी तर होत्याच. आल्या तेव्हा एकीलाही मराठी येत नव्हती, पण सगळ्या मावशींच्या तालमीत तयार होऊन भुलाबाईची गाणी तुमसरच्या हेलात म्हणायच्या. खिरापतीला मावशींना घट्ट झाकणाचा डबा पाहिजे होता, कारण मुली हळूच झाकण उचकटायच्या. मी माझा दिला. निदान कोणाच्या तरी कामी येऊ दे म्हटलं.

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले. मावशींनी डबा वाजवला. “चिवडा!” “बूंदी!” “शक्करपारे!” असा गलका झाला. मैना बाकाखालून बाहेर आली. पदराजवळ नाक नेलं, एकदाच. मग तडक स्वयंपाकघरात गेली, मूठभर शेंगदाणे आणले आणि डब्यासमोर ठेवले. झाकण उघडलं तर आत शेंगदाण्याचे लाडू! मुली वेड्यासारख्या नाचायला लागल्या. मीही नाचले असते, पण माझा हुद्दा आडवा आला. दुसऱ्या दिवशी मैनाने रव्याचा डबा ओढत आणला. तिसऱ्या दिवशी गुळाची ढेप. राणीच्या शाळेत शिकलेलं नाक ते, चुकणार कसं?

मग लक्ष्मी उठली. लक्ष्मी म्हणजे दहा वर्षांची तेलुगू पोरगी, सगळ्यांची न्यायाधीश. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “ये चीटिंग है. मुंह से बोलना पड़ेगा!” मावशी म्हणाल्या, “अवं, तिले बोलता नाही येत ना बाई.” लक्ष्मी म्हणाली, “तो सीखे. हम लोग भी तो मराठी सीखे.” माझ्या आयुष्यात मी इतका चोख सल्ला दुसऱ्या कोणाचा ऐकला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी बाजारातून उकडलेले शिंगाडे नेले. मैनाने वास घेतला, स्वयंपाकघरात गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. घरात शिंगाडा होताच कुठे? पुन्हा गेली, पुन्हा आली. मग डब्यासमोर उभी राहिली, डबा घेऊन पळाली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत, आणि माझा हात धरून झाकणावर ठेवला.

मुली निराश झाल्या, कारण शब्द आला नव्हता. मी मात्र नाक पुसत बसले. मला विचाराल तर तीच मैनाची पहिली ओळ होती. तिला पहिल्यांदा कळलं की माणसाचा हात आपल्या कामी येतो. मी झाकण उघडलं, तिला शिंगाडा दिला आणि माझी नोकरी सार्थकी लागली असं जाहीर केलं. मावशी म्हणाल्या, “ताई, रडता कावून? लेकरं पाहून राहिले.” आणि स्वतःही डोळ्यांना पदर लावला.

पण समितीला डोळ्यांत पाहणं आणि हात धरणं पुरेसं वाटेना. फोनवर मॅडम म्हणाल्या, “कुछ बोली क्या?” तेव्हा मावशींनी त्यांना कोजागरीला बोलावलंच. शेवटच्या दिवशी मॅडमची खिरापत, असा मान दिला. आणि आमचं चुकलं ते इथे. जिला भुलाबाई माहीत नाही तिला खिरापत आणायला सांगताना ती झाकून आणायची, हे आम्ही सांगितलंच नाही. आमच्यासाठी ते इतकं उघड होतं. मॅडम फाटकातून आत आल्या, राणी त्यांच्यावर भुंकली, आणि त्या पिशवी उंच धरून म्हणाल्या, “बच्चो, देखो, मैं केक लाई हूँ!”

मुलींमध्ये शोककळा पसरली. लक्ष्मीने कपाळावर हात मारला. मॅडम बिचाऱ्या गोंधळल्या, त्यांना वाटलं मुलींना केक आवडत नाही. वेणूमावशी मात्र पक्क्या. “गाणे म्हणा वं पोरींनो,” म्हणाल्या, डबा उचलला आणि मागच्या दाराने गेल्या. गाणी संपेपर्यंत पदराखाली डबा घेऊन परत. मलाही सांगितलं नाही आत काय आहे.

डबा वाजला तो वेगळाच. जड, दबदब. “लड्डू!” नाही. “गुलाबजाम!” नाही. “बालूशाही!” नाही. मॅडमनी पण पाच-सहा नावं घेतली, सगळी चुकली. मुली थकल्या. मैनाने वास घेतला आणि ती उठून अंगणाच्या दाराकडे निघाली. दारात लक्ष्मी दोन्ही हात पसरून उभी. “मुंह से.”

मैना परत वळली. माझा हात धरून झाकणावर ठेवला. मी तो काढून दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, “मलाही नाही माहीत गं.” आणि ते खरं होतं. तिने मावशींकडे पाहिलं. ज्या बाईने तिला कधी मागायला लावलं नव्हतं, ती छताकडे पाहत होती. ओठ घट्ट मिटलेले. मग मॅडम खाली जमिनीवर बसल्या, साडीची पर्वा न करता, आणि अगदी मनापासून म्हणाल्या, “मुझे सच में नहीं पता, बेटा. बता न.”

मैनाने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. कोणालाच माहीत नव्हतं. तिला एकटीला माहीत होतं. तिच्या गळ्यात काहीतरी खरखरलं, ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

“बि... ही.”

मावशींच्या हातून डबा पडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते झाकण आपोआप उघडलं. अंगणातल्या झाडाच्या पिकलेल्या बिह्या, म्हणजे तुमचे पेरू हो, खोलीभर घरंगळत गेल्या. मुली किंचाळल्या, राणी बाहेर भुंकायला लागली, लक्ष्मीने दार सोडून मैनाला उचललं आणि मैना “बिही, बिही, बिही” म्हणत राहिली, कारण प्रत्येक वेळी म्हटलं की सगळे हसत होते. मॅडमनी बिही तिथेच, न धुता, खाल्ली. जाताना मला म्हणाल्या, “ये कहीं नहीं जाएगी.” आणि दिवाळीनंतर कागदावरही तेच आलं.

आता गोड कथा इथे संपवायचा मोह होतो, पण धंद्याशी इमान ठेवून सांगितलं पाहिजे. मैना तुमच्या-माझ्यासारखी कधीच बोलली नाही. भाषेचं एक वय असतं. ते बरंचसं निघून गेलं की शब्द येतात, पण त्यांची माळ नीट ओवली जात नाही. मैनाची वाक्यं आजही तोकडी आहेत. बंद दार तिला सहन होत नाही. तिच्यानंतर असाच एक मुलगा माझ्याकडे आला, मंगलू, मिसरूड फुटल्यावर सापडलेला. त्याला मी एकही शब्द देऊ शकले नाही. हसायला मात्र शिकला, आणि हसायचा तेव्हा अख्खा वॉर्ड हसायचा. तरी तो आणखी थोडा आधी आला असता तर, हे मनातून जात नाही.

मावशी नोकरीतून सुटल्या तेव्हा मैना सज्ञान झाली होती. ती मावशींसोबत भिलाईतल्याच कोहक्याला राहायला आली. आता दोघी मिळून मेसचे डबे करतात. आमटी लागली, भात करपायला आला, तेल जुनं झालं, हे मैना पलीकडच्या खोलीतून सांगते, एकेका शब्दात. “जळलं.” “बदला.” मावशी म्हणतात, “सून असती तं इतकं नाक खुपसलं असतं का?” गल्लीतली कुत्री मैनाच्या मागे वरातीसारखी चालतात.

मीही कोहक्यालाच राहते. दर कोजागरीला मैना माझ्याकडे खिरापत घेऊन येते, त्याच डब्यात. माझ्या निवृत्तीच्या दिवशी तो मी तिला दिला होता. परवाच्या कोजागरीला ती फाटकाशी आली तेव्हाच मला बिहीचा वास आला. तरी मी म्हटलं, “लाडू?”

“नाही.”

“चिवडा?”

“नाही!”

“मग केक असेल.”

मैनाने कमरेवर हात ठेवले, अगदी लक्ष्मीसारखे. “ताई झूट. तुमाले मालूम.” तिच्यासाठी हे लांबलचक भाषण होतं, आणि तेवढ्याचसाठी तर मी चुकत होते.

“बिही,” मी कबूल केलं. तिने डबा माझ्या हातात दिला. माझी बोटं आता सांधेदुखीने आखडली आहेत, साधी बरणी उघडत नाही. मी झाकण ओढलं, वाकडं केलं, पदराने धरून पाहिलं. वर पाहिलं तर मैना समोर बसलेली, दोन्ही हात मांडीवर, नजर छताकडे. ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं.

मी थांबले. तीही थांबली. माझ्याइतकी थांबायची सवय तिलाच आहे.

“मैना, उघडून दे गं,” मी म्हटलं.

तिने टचकन झाकण उघडलं. सगळ्यात पिकलेली बिही मला दिली आणि एक, जुन्या सवयीने, ओढणीच्या टोकाला बांधून ठेवली.